फसगत, फसवणूक आणि देवगिरीचं मीठ

इ.स. १२९६. कडा-माणिकपूरचा सुभेदार अलाउद्दीन खिलजी विंध्य उतरून देवगिरीच्या रोखानं निघाला, तेव्हा त्याच्याबरोबर आठेक हजार घोडेस्वार होते. यादवांच्या राजधानीवर चालून जायला हे बळ तोकडं आहे, हे त्याला पुरतं ठाऊक होतं. म्हणून एलिचपूरला, म्हणजे आजच्या अचलपूरला, मुक्काम असताना त्यानं बोलवा उठवली की आपलं चुलत्याशी, दिल्लीच्या सुलतानाशी, बिनसलंय आणि आपण राजमहेंद्रीच्या राजाकडे चाकरी धरायला चाललोय. देवगिरीशी पोचल्यावर बोलवा बदलली. आता तो सांगू लागला की आम्ही नुसती आघाडीची तुकडी आहोत, सुलतानाची वीस हजारांची फौज मागून येते आहे. रामदेवरायाचं मुख्य सैन्य त्या वेळी मुलाबरोबर बाहेर होतं. राजा घाईघाईनं किल्ल्यात शिरला आणि दरवाजे लावून घेतले. त्या गडबडीत कोकणातून आलेल्या व्यापाऱ्यांनी टाकून दिलेली पोती त्याच्या माणसांनी धान्य समजून वर चढवली.

पुढचं विजापूरच्या दरबारात बसून इतिहास लिहिणाऱ्या फरिश्त्यानं सांगितलं आहे. खंडणी ठरली, तह होत आला, इतक्यात मुलगा शंकरदेव फौज घेऊन परतला. बापाचा निरोप धुडकावून तो लढला आणि जिंकतही आला होता. तेवढ्यात अलाउद्दीननं किल्ल्यावर नजर ठेवायला मागे ठेवलेला नुसरतखान हुकमाची वाट न पाहता हजारभर स्वारांनिशी लढाईत घुसला. त्याच्या घोड्यांनी उडवलेला धुळीचा लोट यादवांच्या सैनिकांनी पाहिला. दिल्लीची जी फौज येणार येणार म्हणून ऐकलं होतं ती हीच, असं त्यांना वाटलं आणि ते पळाले. मग वेढा आवळला गेला. किल्ल्यातली पोती उघडली, तर आत मीठ. तह पुन्हा झाला, पहिल्यापेक्षा कितीतरी जड अटींवर.

खोटी माहिती देणं आणि फसवणं यांत फरक काय, असा प्रश्न कुणी विचारला की मला ही हकिकत सांगावीशी वाटते. छत्रपती संभाजीनगरहून, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादहून, तासाभरात जाता येईल अशा जागी ती घडली, आणि तिच्या एकेका टप्प्याला मराठीत वेगळा शब्द आहे.

मिठापासून सुरुवात करू. त्या पोत्यांबद्दल कुणीच खोटं बोललं नव्हतं. व्यापारी पळून गेले होते. पोत्यावर काही लिहिलेलं नव्हतं. ‘यात धान्य आहे’ असं कुणी सांगितलं नाही आणि कुणाच्या मनात कपटही नव्हतं. तरी किल्ला त्या पोत्यांनी पाडला. मराठीत याला ‘फसगत’ म्हणतात. रामदेवरायाची फसगत झाली, एवढंच म्हणता येतं. ‘केली’ म्हणायला कर्ता लागतो आणि इथे कर्ता नाही. ‘फसवणूक’ मात्र ‘अडवणूक’, ‘पिळवणूक’ यांच्या घराण्यातली. ‘-वणूक’ लागलेल्या अशा शब्दांमागे बहुतेक वेळा करणारा कुणीतरी उभा असतो. फसगत आणि फसवणूक हे दोन शब्द आपण सर्रास एकमेकांच्या जागी वापरतो, वर्तमानपत्रंही वापरतात. त्यानं मराठीचं नुकसान होतं असं मला वाटतं, कारण या दोहोंमधलं अंतर म्हणजे गुन्ह्याचं अंतर आहे.

आता धूळ. ‘डोळ्यांत धूळ फेकणं’ आणि त्यावरून ‘धूळफेक’ हे आपले नेहमीचे शब्द. देवगिरीची धूळ मात्र कुणी फेकली नव्हती. घोडी धावली म्हणून ती उडाली. नुसरतखानाची चाल फसवण्याची असल्याचं फरिश्ता सांगत नाही. तो मदतीला धावला, इतकंच. पण त्या धुळीनं काम केलं ते आधी पेरलेल्या बातमीमुळे. वीस हजारांची फौज ही बातमी नुसती बातमी होती तोवर शंकरदेव लढत होता. धूळ दिसली आणि ऐकलेलं खरं वाटलं. खोटी माहिती दिली गेली एका दिवशी, फसवणूक पुरी झाली दुसऱ्या दिवशी, आणि मधल्या काळात ती माहिती खोटी असूनही शंकरदेवाची फौज फसलेली नव्हती.

हा मधला काळ मराठी व्याकरणानं फार नेमका पकडला आहे. ‘त्यानं मला खोटं सांगितलं, पण मी फसलो नाही’ हे वाक्य बिनचूक आहे. आता ‘त्यानं मला फसवलं, पण मी फसलो नाही’ असं म्हणून पाहा. कानाला खटकतं. ‘फसवायला पाहिलं, पण फसलो नाही’ असं म्हणावं लागतं. कारण ‘फसवणं’ हे ‘फसणं’चं प्रयोजक रूप आहे. ‘त्यानं मला हसवलं पण मी हसलो नाही’ हे जसं जमत नाही, तसंच हे. खोटं सांगण्याचं काम सांगणाऱ्याच्या तोंडाशी संपतं. फसवण्याचं काम दुसऱ्या माणसात जाऊन पुरं होतं.

कायदाही हेच म्हणतो, हे पाहून मला प्रथम नवल वाटलं होतं. १८६० च्या भारतीय दंड संहितेत सरकारी माणसाला खोटी माहिती देण्याचं कलम १७७ होतं. त्याखाली एक उदाहरण दिलेलं आहे. एका जमीनदाराला आपल्या हद्दीत खून झाल्याचं माहीत आहे, पण तो मॅजिस्ट्रेटला कळवतो की माणूस साप चावून मेला. संपला गुन्हा. मॅजिस्ट्रेटला ते पटलं की नाही, त्यानं हसून कागद बाजूला टाकला की खरंच सापाची नोंद केली, याच्याशी त्या कलमाला कर्तव्य नाही. माहिती देणं ज्याच्यावर कायद्यानं बंधनकारक आहे त्यानं ती खोटी आहे हे ठाऊक असताना खरी म्हणून दिली, एवढं पुरतं. कलम ४१५, म्हणजे फसवणुकीची व्याख्या, मात्र वेगळ्या वाटेनं जातं. तिथे दुसरा माणूस खरोखर फसलेला असावा लागतो आणि फसून त्यानं काहीतरी दिलेलं, केलेलं किंवा करायचं सोडलेलं असावं लागतं. त्याखालचं निळीच्या रोपांचं उदाहरण वाचण्यासारखं आहे. एकानं सांगितलं, अमुक इतकी नीळ पोचवतो, आगाऊ पैसे द्या. पैसे घेतले, नीळ पोचवली नाही. पैसे घेताना पोचवण्याचा इरादाच नसेल तर ती फसवणूक. त्या वेळी इरादा होता आणि नंतर करार मोडला, तर फसवणूक नाही, दिवाणी दावा करा. बोललेलं वाक्य दोन्ही वेळा अक्षरश: तेच आहे.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि ४१५, ४२० ही कलमं नव्या ३१८ मध्ये गेली. कायद्यातून आकडा गेला, पण ‘तो मोठा चारसोबीस आहे’ हे वाक्य काही इतक्यात जायचं नाही.

‘फसणं’ या शब्दात शिरलं की आपण बोलण्याच्या जगातून बाहेर पडतो. तो ‘फास’चा नातलग, आणि फास संस्कृतातल्या ‘पाशा’चा. तितरांसाठी रानात मांडतात तो फास, गळ्यात अडकतो तो फास. फास काही बोलत नाही. तो वाटेत असतो, आणि पाखरू नेहमीच्या विश्वासानं त्या वाटेनं येतं. म्हणूनच मराठीत माणूस फसतो तसा बेतही फसतो, डाव फसतो, प्रयोग फसतो. इथे कुणी खोटं बोललेलं नसतं, काहीतरी कुठेतरी अडकलेलं असतं.

देवगिरीचा, म्हणजे आजच्या दौलताबादचा, किल्ला हा दगडात कोरलेला फास आहे. अंधारीत, म्हणजे किल्ल्यातल्या काळोख्या भुयारी वाटेत, शिरल्यावर वाटाडे मशाल किंवा टॉर्च विझवतात, आणि हातभर अंतरावरचा माणूस दिसेनासा होतो. पायऱ्या सारख्या उंचीच्या नाहीत, त्यामुळे पाय अंदाजानं पडतो आणि चुकतो. वाट वळते, पुन्हा वळते. आणि एका ठिकाणी उजेड दिसतो. शत्रू उजेडाकडे धावायचा आणि थेट खंदकात कोसळायचा, असं वाटाडे सांगतात. त्या झरोक्यावर ‘बाहेर जाण्याचा मार्ग’ असं लिहिलेलं नव्हतं. उजेडाकडे वाट असते, ही समजूत शत्रू स्वत:बरोबर घेऊन आला होता. बांधणाऱ्यानं फक्त तिचा उपयोग करून घेतला. खोटं विधान एकही नाही आणि फसवणूक मात्र संपूर्ण.

‘खोटा’ या शब्दाची कुळकथा अगदी निराळी आहे. त्याच्या मुळाशी ‘खोट’ आहे, म्हणजे दोष, कमतरता. धंद्यात खोट येते, मालात खोट निघते, माणसाच्या मनातही खोट असते. ‘खरा’चा संबंध संस्कृतातल्या ‘खर’शी, कठीण-कडक या अर्थाशी जोडतात. भेसळ नसलेलं, कस लावल्यावर टिकणारं ते खरं. नाणं हातात घेऊन वाजवणाऱ्या, सोनं कसोटीवर घासणाऱ्या माणसाची ही भाषा आहे. मराठेशाहीत या कामाला पोतदार असे, आणि आडनाव म्हणून तो आजही आपल्यात आहे. त्या भाषेत खोटेपणा वस्तूत असतो. तो मोजता येतो, कुणीही मोजलं तरी तेवढाच भरतो. बोललेल्या वाक्याला आपण खरं-खोटं म्हणतो तेव्हा ते वाक्य नाण्यासारखं हातात धरून वाजवत असतो. ‘माहिती’ हा शब्दही याला साजेसा आहे. तो अरबीतल्या ‘माहियत’वरून आला असं मानतात, आणि माहियतच्या पोटात ‘ते काय आहे?’ हा प्रश्नच आहे. ते जे आहे त्याच्याशी माहिती ताडून पाहायची. जुळली तर खरी, नाहीतर खोटी.

पण नाण्याच्या बाबतीतही हे इतकं सरळ राहत नाही, हे दौलताबादनंच दाखवून दिलं. महंमद तुघलकानं १३२७ मध्ये राजधानी तिथे आणली. दोन-तीन वर्षांत त्यानं चांदीच्या टंक्याऐवजी चालवायची तांब्या-पितळेची नाणी काढली. ती ज्या टांकसाळींत पडली त्यांत दौलताबादही होती. नाण्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं की हे टंका म्हणून चालणारं नाणं आहे, आणि सुलतानाची आज्ञा पाळणं म्हणजे ईश्वराची आज्ञा पाळणं, अशा अर्थाचाही मजकूर होता. यात लपवाछपवी काहीच नव्हती. पितळ आहे हे दिसत होतं. मग घराघरांत तशीच नाणी पडू लागली. बरनी हा इतिहासकार त्यावर फार चिडून लिहितो.

आता सांगा, घरी पाडलेलं नाणं खोटं कसं ओळखायचं? धातू तोच, मजकूर तोच. वाजवून कळत नव्हतं आणि कसोटीवरही कळत नव्हतं. नाण्यावरचं वाक्य दोन्हीकडे एकच. फरक होता तो नाण्याच्या मागे. एका नाण्यामागे सुलतानाचा खजिना उभा होता, दुसऱ्यामागे कुणीच नव्हतं, पण घेणाऱ्याला तोच खजिना उभा असल्याचं भासवलं जात होतं. शेवटी सुलतानानं ती नाणी परत बोलावली आणि त्यांच्या बदल्यात खजिन्यातून सोनं-चांदी दिली. तिथे खजिना रिकामा झाला, पण फसवणुकीचा एक भाग मिटला. ज्यांनी नाणं भरवशानं घेतलं होतं त्यांचा भरवसा त्यानं स्वत:च्या पदरचं घालून खरा केला. तुघलकाला इतिहासानं वेडा ठरवलं आहे. या एका गोष्टीत मला तो बऱ्याच शहाण्यांपेक्षा सचोटीचा वाटतो.

फसवणुकीच्या कलमाला दंड संहितेच्या मराठी अनुवादात ‘ठकवणूक’ म्हटलेलं होतं. बोलण्यात आज हा शब्द कमी ऐकू येतो, पण तो मला फार आवडतो. ठक, ठग यांचा धागा बहुतेक कोशकार संस्कृतातल्या ‘स्थग’पर्यंत नेतात, आणि ‘स्थग्’ या धातूचा अर्थ आहे झाकणं. ‘स्थगित’ म्हणजे मुळात झाकलेलं. म्हणजे संभाजीनगरात जालना रस्त्यावरच्या उच्च न्यायालयाच्या खंडपीठात वकील एका दालनात ‘स्थगिती’ मागतात आणि दुसऱ्या दालनात ‘ठकवणुकी’वर वाद घालतात, ते दोन्ही शब्द एकाच मुळाचे निघतात. आणि ४१५ कलमाच्या स्पष्टीकरणात नेमकं हेच होतं की वाईट हेतूनं वस्तुस्थिती दडवणं हीसुद्धा फसवणूकच. म्हणजे न बोलूनही फसवता येतं. हे कायद्यानं सांगण्याच्या कितीतरी आधी ‘ठक’ या शब्दानं सांगून ठेवलं होतं.

पैठणी घ्यायला गेलेल्या बाईला हे समजावून सांगावं लागत नाही. हातमागावरच्या पैठणीचा पदर उलटा केला तरी सुलट्यासारखाच दिसतो. मोर, पोपट, कमळ, सगळं दोन्ही अंगांनी सारखं, कारण प्रत्येक रंगाचा धागा आपापल्या जागीच विणून परत फिरवलेला असतो. यंत्रमागावर विणलेल्या साडीत उलट बाजूला धागे या नक्षीपासून त्या नक्षीपर्यंत मोकळे लोंबतात. ते कापून टाकतात, किंवा वर जाळीचं अस्तर लावून झाकतात. एखादा दुकानदार पदर पसरतो, सुलटी बाजू वर ठेवून, आणि म्हणतो, ‘ताई, पैठणचीच आहे.’ दुकान पैठणात आहे, साडी पैठणातून जाणार आहे, वाक्य खोटं म्हणता येणार नाही. ‘हातमागाची’ असं तो म्हणत नाही. म्हटलं तर ती खोटी माहिती होईल आणि पकडली जाईल. तो फक्त उलटी बाजू दाखवत नाही. जाणत्या बायका म्हणूनच भाव विचारण्याआधी पदर उलटून पाहतात. पलीकडच्या दुकानातला मालक स्वत:च पदर उलटून दाखवतो आणि सांगतो, ‘ही सेमी आहे, म्हणून या भावात.’ त्याच्याकडेही यंत्रमागाचीच साडी आहे, पण तिथे कुणी फसत नाही.

खोटं बोलून न फसवणारेही आपल्याकडे आहेत. गावात बहुरूपी येतो, मराठवाड्यात त्याला रायरंदही म्हणतात. खाकी कपडे, कमरेला पट्टा, हातात दंडुका, खिशात वही. दारात येऊन दरडावतो की तुमच्यावर वॉरंट आहे, चला ठाण्यात. त्याच्या तोंडून निघालेला शब्दन् शब्द खोटा असतो. आणि घरातली म्हातारी हसत सुपात धान्य घेऊन बाहेर येते. तिला ठाऊक असतं, त्यालाही ठाऊक असतं, आणि दोघांना एकमेकांचं ठाऊक असणं हाच त्या खेळाचा करार. तमाशातली ‘बतावणी’ही अशीच. पण हाच शब्द आता रोजच्या पेपरात दुसऱ्याच जागी दिसतो : ‘पोलीस असल्याची बतावणी करून वृद्धेचे दागिने लांबवले.’ वेष तोच, दरडावणंही तेच. आता तर मोबाइलच्या पडद्यावर गणवेश दिसतो आणि ‘डिजिटल अरेस्ट’ झाल्याचं सांगितलं जातं, जी अटक कुठल्याही कायद्यात नाही. रायरंदाच्या वॉरंटाइतकीच ही माहिती खोटी आहे. पण रायरंद तुमच्या ओळखीवर जगतो आणि हा तुमच्या भीतीवर. असे गुन्हे करणाऱ्याला ‘बहुरूपी’ म्हणणाऱ्या बातम्या मी वाचल्या आहेत. पिढ्यानपिढ्या ही कला जपणाऱ्या समाजावर तो अन्याय आहे. कायद्यातला ‘तोतया’ हा शब्द त्यासाठी हजर असताना तर फारच.

संस्कृतातून आलेल्या शब्दांपैकी ‘वंचना’च्या मुळाशी वाकडं चालणं आहे. जो वंचित तो मुळात फसवला गेलेला. आज आपण वंचित म्हणजे काही न मिळालेला एवढंच समजतो आणि कुणी मिळू दिलं नाही हा भाग गळून जातो. पण मला जास्त वेळ थांबावंसं वाटतं ते ‘प्रतारणा’ या शब्दापाशी. ‘तॄ’ म्हणजे तरणं, पार होणं. प्रतारण म्हणजे पलीकडे नेणं, पैलतीरी पोचवणं. त्यावरून अर्थ आला फसवण्याचा. नाव तुमच्या हातात नसते. वल्हं ज्याच्या हातात, त्याच्यावर सगळं सोडून तुम्ही बसता. म्हणून प्रतारणा परक्याची होत नाही. मित्राची होते, जोडीदाराची होते, तत्त्वांशी होते.

देवगिरीची लूट घेऊन अलाउद्दीन कड्याला परतला आणि त्यानं चुलत्याला, सुलतान जलालुद्दीनला, निरोप धाडले की न विचारता मोहीम केली म्हणून मी फार घाबरलोय. त्याचा भाऊ अल्मास बेग यानं सुलतानाला पटवलं की पुतण्या इतका धास्तावलाय की जवळ विष बाळगून आहे, तुम्ही स्वत: येऊन धीर दिलात तरच जगेल. लोकांनी सावध केलं, पण पुतण्याच्या मायेपुढे सुलतानानं ऐकलं नाही. जुलै १२९६ मध्ये तो थोड्या माणसांनिशी गंगेतून नावेनं निघाला. फौज दूर राहिली. नावेतल्या माणसांनी शस्त्रं खाली ठेवावीत, नाहीतर पुतण्या बिचकेल, हेही अल्मास बेगनं गळी उतरवलं. पलीकडच्या काठावर सुलतान उतरला आणि त्याला मारलं गेलं. रामदेवरायाला दिलेली खबर ही युद्धातली हूल होती, आणि शत्रू हूल देतो हे राजाला कळायला हवं होतं, असं कुणी म्हणेल. जलालुद्दीनच्या बाबतीत तसं म्हणता येणार नाही. त्याच माणसानं त्याच वर्षी केलेल्या या दोन गोष्टींना मी एक शब्द वापरणार नाही. पहिली हूल, दुसरी प्रतारणा, आणि ती नावेतच झाली.

हे सगळं इतकं बारकाईनं का पाहायचं, हे मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला विचारावं. मृगात एक पाऊस बरा पडतो, पेरणी होते, आणि मग तीन आठवडे आभाळ कोरडं. तो म्हणतो, ‘पावसानं फसवलं.’ पावसानं काही सांगितलेलं नव्हतं, पावसाला मनही नाही. हवामानाचा अंदाज होता, त्याला तो म्हणतो ‘खोटा ठरला’. अंदाज सांगणाऱ्यानं फसवलं असं तो सहसा म्हणत नाही. अंदाज ही माहिती आहे, ती चुकू शकते, हे त्याला मान्य आहे. पावसाला मात्र तो ‘फसवलं’ म्हणतो, कारण भरवसा अंदाजावर नव्हता, पावसावर होता.

आणि मग बियाणं. सोयाबीनच्या पिशवीच्या तोंडाशी टॅग शिवलेला असतो. प्रमाणित बियाण्याचा निळा, आणि उत्पादकानं स्वत:च्या जबाबदारीवर विकलेल्या बियाण्याचा फिकट हिरवा. या दुसऱ्या प्रकाराला कृषी खात्याच्या मराठीत सुंदर नाव आहे, ‘सत्यदर्शक बियाणे’. टॅगवर उगवणशक्ती छापलेली असते. सोयाबीनला ती किमान सत्तर टक्के हवी. २०२० च्या खरिपात मराठवाड्यात सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारी इतक्या झाल्या की औरंगाबाद खंडपीठानं स्वत:हून दखल घेतली. अशी तक्रार झाली की तालुक्याची समिती शेतावर येते, पंचनामा करते. ओल किती होती, किती खोल पेरलं, तिफणीनं की ट्रॅक्टरनं, बियाणं हाताळताना आपटलं का, असे प्रश्न विचारले जातात. शेतकऱ्याला वाटतं, हे आपल्यालाच आरोपी करताहेत. खरं म्हणजे समिती या लेखातलाच प्रश्न विचारत असते : ही फसगत की फसवणूक? पाऊस कमी पडला, बी खोल गेलं, तर फसगत, आणि तिला भरपाई नाही. टॅगवरचा आकडा आणि पिशवीतलं बी यांचा मेळ नसेल तर माहिती खोटी. आणि तो मेळ नाही हे ठाऊक असून पिशवी विकली असेल तर फसवणूक.

पण बहुतेक तक्रार अर्जांत हे तिन्ही एकत्र कालवलेलं असतं. ‘बियाणे बोगस निघाले, माझी फसवणूक झाली, नुकसानभरपाई मिळावी’ एवढं एक वाक्य, आणि खाली सही. अर्ज लिहून देणाऱ्या पोराला मी सांगत असतो की वाक्यं वेगळी कर. टॅग, पिशवी, पावती आणि मूठभर राखून ठेवलेलं बी जोडून आधी लिही की टॅगवर उगवण इतके टक्के छापली आहे आणि शेतात एका मीटरच्या ओळीत टाकलेल्या दाण्यांपैकी इतके उगवले. ही खोटी माहिती, आणि ती मोजून दाखवता येते. त्याखाली, दुसऱ्या वाक्यात लिही की त्या टॅगवर भरवसा ठेवून मी इतके एकर पेरले, खत-मजुरीला इतके पैसे घातले आणि दुबार पेरणीला इतके लागले. टॅगवरच्या आकड्यानं शेतकऱ्याच्या घरात शिरून काय केलं, ते या वाक्यात येतं, आणि नुकसानीचा आकडा त्याच वाक्याखाली मांडायचा असतो.